उंदरांच्या आधी माणसं ओळखा: प्रजनन-जीवशास्त्राच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. झाली, मुलाखत झाली, गाइड मिळाल्या आणि सोमवारी सकाळी साडेदहाला विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या प्रजनन-जीवशास्त्राच्या लॅबमध्ये हजर व्हायचंय. रविवारी रात्री बहुतेक जण पेपर वाचत बसतात. मीही तेच केलं होतं. सोमवारी मला विचारला गेलेला पहिला प्रश्न मात्र असा होता: "ताई, या चपला बाहेरच्या ना? मग आत नाही चालायच्या." विचारणारे होते प्राणिघराचे मामा. वाचून आलेल्या अकरा पेपरांपैकी एकाचाही तिथे उपयोग नव्हता.

हा लेख त्या सोमवारसाठी आहे. तंत्रं शिकवायला प्रोटोकॉल असतात, यूट्यूब आहे, सिनिअर आहेत. लॅबमध्ये कोण काय करतं, कोणाला काय विचारायचं आणि कोणाच्या वेळेत आपण लुडबुड करायची नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्या विषयात तर त्याला जास्तच महत्त्व आहे. बॅक्टेरिया वाढवणाऱ्याला काम उद्यावर ढकलता येतं. आपलं घड्याळ उंदरिणीच्या अंडाशयात असतं, आणि त्या घड्याळाला चावी देणारी माणसं चार-पाच वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली असतात.

पायरी १: रुजू होण्याआधी दोन गोष्टी बघा

गाइडचे शेवटचे तीन-चार पेपर काढा, पण निष्कर्ष नंतर वाचा. आधी नावं वाचा. पहिलं नाव बहुतेक वेळा ज्याने काम केलं त्याचं असतं आणि शेवटचं गाइडचं. मधली नावं नीट बघा, कारण त्यातले दोघं-तिघं अजून लॅबमध्ये असतील आणि तेच तुम्हाला शिकवणार आहेत. मग सगळ्यात शेवटचा आभाराचा परिच्छेद वाचा. प्राणिघराच्या कर्मचाऱ्यांचे, तंत्रज्ञांचे नावानिशी आभार मानणारी लॅब आणि फक्त निधी देणाऱ्या संस्थेचा क्रमांक छापणारी लॅब, या दोन वेगळ्या जागा असतात. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. पण अजून फसलेला नाही.

दुसरं म्हणजे लॅब नेमकी कशावर काम करते ते एका वाक्यात, मराठीत, घरच्यांना सांगता येईल असं तयार ठेवा. प्रजनन-जीवशास्त्र म्हणजे एकच काम नाही. कुणी वृषणात शुक्राणू कसे तयार होतात ते बघतं, कुणी अंडपेशी परिपक्व कशी होते ते. कुणी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात कसा रुजतो यावर दहा वर्षं घालवतं, तर कुणाला प्लॅस्टिकमधल्या किंवा कीटकनाशकांतल्या रसायनांनी हॉर्मोनवर काय परिणाम होतो ते शोधायचं असतं. "तू तिथे नेमकं करतेस काय गं?" हा प्रश्न लग्नकार्यात येणारच. माझी आत्या दोन वर्षं सगळ्यांना "ती डॉक्टरकीचं काहीतरी करते" असं सांगत होती. शुक्राणू, वीर्य, योनिस्राव हे शब्द न अडखळता उच्चारण्याचा सराव घरीच करा. लॅबमध्ये ते दिवसातून चाळीस वेळा, चहा पिताना सुद्धा म्हटले जातात.

पायरी २: पहिल्या दिवशी कोण कोण भेटेल

गाइड, म्हणजे सर किंवा मॅडम. प्रकल्प त्यांच्या नावावर, निधी त्यांच्या नावावर, आणि काही बिघडलं तर उत्तरही त्यांनाच द्यावं लागतं. त्या लॅबमध्ये कमी आणि मीटिंगमध्ये जास्त दिसतील. उंटावरून शेळ्या हाकतात असं नवख्यांना वाटतं. वर्षभराने कळतं, की निधीचे अर्ज, अभ्यास मंडळ, परीक्षा आणि एम.एस्सी.ची लेक्चर्स सांभाळून त्या आपलं दोन ओळींचं ईमेल वाचतात हेच पुष्कळ आहे. म्हणून ईमेल दोन ओळींचंच लिहा आणि प्रश्न पहिल्याच ओळीत घाला.

पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झालेला संशोधक, असेल तर नशीब. विद्यापीठांच्या लॅबमध्ये तो नेहमी असतोच असं नाही. त्याच्याखाली सिनिअर पीएच.डी. स्कॉलर, म्हणजे तुमचे खरे शिक्षक. मग तुमच्यासारखे नवे: नेट परीक्षा होऊन जेआरएफ, म्हणजे केंद्राची संशोधन फेलोशिप, मिळालेले, बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची फेलोशिप असलेले, आणि काहीच नसलेले. पैशांचा हा फरक पहिल्याच आठवड्यात लक्षात येतो. २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आणि त्यावर घरभाडं आहे. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला कदाचित काहीच मिळत नसेल. डब्याचे, चहाचे, वाढदिवसाच्या केकचे पैसे गोळा करताना हे लक्षात असू द्या. आणि ज्यांना फेलोशिप आहे त्यांनीही ती दर एक तारखेला खात्यात येईल असं धरून खोलीचं भाडं ठरवू नये.

प्रोजेक्ट असिस्टंट ठरावीक मुदतीच्या प्रकल्पावर असतो, प्रकल्प संपला की त्याची नोकरीही संपते. त्याला "तू काय, प्रोजेक्टवर आहेस" असं चुकूनही म्हणू नका. लॅब असिस्टंट, विभागाचे शिपाई मामा, काचसामान धुणाऱ्या मावशी, स्टोअरचे साहेब आणि हिशेब विभागातले क्लार्क ही कायमस्वरूपी माणसं. विद्यार्थी पाच वर्षांनी जातात, ही तिथेच असतात. मायक्रोस्कोपचा बल्ब मागच्या वेळी कुठून आणला होता, हे त्यांनाच ठाऊक असतं.

या सगळ्यांची नावं पहिल्या दिवशी वहीत लिहून घ्या. नावापुढे आडनाव, मोबाइल, साप्ताहिक सुट्टी कोणती आणि जेवणाची वेळ कोणती. हसू नका. ही यादी मला पीसीआरच्या प्रोटोकॉलपेक्षा जास्त वेळा लागली आहे.

पायरी ३: प्राणिघर

इथे सावकाश वाचा, कारण आपल्या विषयातले निम्मे प्रयोग टेबलावर बिघडत नाहीत, ते प्राणिघरात बिघडतात.

आधी शब्द. मराठीत माऊस आणि रॅट दोन्ही उंदीरच. प्राणिघरात गेल्यावर "उंदीर पाहिजेत" म्हणालात तर मामा विचारणार, "छोटे का मोठे?" माऊस आणि रॅट असंच म्हणा. अंथरूण म्हणून जे घालतात तो भुसा, पिंजरा म्हणजे केज, आणि सकाळी मादीत मिलनाची जी घट्ट खूण सापडते ती प्लग.

प्लग सकाळी लवकर बघायचा असतो, कारण माऊसमध्ये तो काही तासांनी गळून पडू शकतो. ज्या सकाळी प्लग दिसला तो गर्भारपणाचा अर्धा दिवस धरायचा की पहिला, हे लॅबनुसार बदलतं. आपल्या लॅबची पद्धत पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर तुमच्या सातव्या दिवसाचा गर्भ सिनिअरच्या सहाव्या दिवसाचा निघेल. रॅटमध्ये प्लग लवकर पडून जातो, म्हणून तिथे योनिस्रावाच्या स्लाइडवर शुक्राणू शोधतात.

आता सकाळी साडेसातला विभागात कोण असतं? मामा असतात. म्हणजे तुमच्या प्रबंधातला "गर्भारपणाचा दिवस" हा आकडा मुळात मामांच्या किल्लीवर उभा आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती वासाची. माऊसच्या माद्या एकत्र, नराशिवाय ठेवल्या की त्यांचं ऋतुचक्र लांबतं किंवा थांबतं. ली आणि बूट यांनी १९५५ मध्ये हे नोंदवलं. अशा माद्यांच्या पिंजऱ्यात नराच्या पिंजऱ्यातला मळलेला भुसा टाकला की बऱ्याच माद्या साधारण तिसऱ्या दिवशी एकदम माजावर येतात. याला व्हिटन परिणाम म्हणतात, नोंद १९५६ ची. आणि १९५९ मध्ये हिल्डा ब्रूस यांनी लंडनमध्ये दाखवलं, की नुकतंच मिलन झालेल्या मादीजवळ अनोळखी नर किंवा त्याचा वास आला तर तिचा गर्भ रुजतच नाही, ती पुन्हा चक्रात जाते.

हे तिन्ही परिणाम मला परीक्षेत पाच-पाच मार्कांना आले होते, आणि मी पूर्ण मार्क मिळवले होते. तिसऱ्या महिन्यात मी आठ प्लग लागलेल्या माद्यांचे पिंजरे, जागा नव्हती म्हणून, दुसऱ्या कुळातल्या नरांच्या रॅकवर नेऊन ठेवले. आठवड्याने पोट उघडून बघितलं तर आठांपैकी दोनच गाभण. मी हॉर्मोनची बॅच खराब आहे का, खाद्य बदललंय का, सगळं तपासलं. मामांना विचारायचं सुचलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "तुम्ही त्या पोटुशा बायकांना परक्या पुरुषांशेजारी नेऊन बसवलं की ताई. आम्ही असं कधीच करत नाही." त्यांनी ब्रूसचं नाव ऐकलेलं नव्हतं. मला ब्रूसचं सालसुद्धा पाठ होतं.

त्यामुळे प्राणिघरात हे पाळा:

मामांना विचारल्याशिवाय एकही केज हलवू नका. भुसा कोणत्या दिवशी बदलतात ते विचारून प्रयोगाची आखणी करा, कारण भुसा बदलणं म्हणजे वास बदलणं. माद्यांकडे आधी जा, नरांकडे नंतर. उलट जायचं असेल तर मध्ये हातमोजे बदला.

दिव्यांच्या वेळेला हात लावू नका. बारा तास उजेड, बारा तास अंधार असं टायमरवर चाललेलं असतं, काही ठिकाणी चौदा-दहा. रात्री नऊला "एक मिनिट बघून येते" म्हणून तुम्ही दिवा लावलात, तर ओव्ह्युलेशनची, म्हणजे अंडाशयातून अंडपेशी सुटण्याची, वेळ ज्या उजेड-अंधारावर ठरते त्यातच तुम्ही बोट घातलंत.

सेंट, अत्तर, डिओ लावून जाऊ नका. उंदरांना माणसाचा वासही कळतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की प्रयोग करणारा पुरुष असेल, किंवा नुसता पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ असेल, तरी माऊस आणि रॅट ताणाखाली येतात. म्हणून स्मिअर, म्हणजे योनिस्रावाची स्लाइड, रोज एकाच व्यक्तीने घ्यावा, आणि कोणी घेतला ते रजिस्टरमध्ये लिहावं. तुमच्याऐवजी मित्र गेला तर ती बदललेली परिस्थिती आहे, निव्वळ मदत नाही.

आणि पहिल्यांदा प्राणी मारावा लागेल तेव्हा एकटे जाऊ नका. लॅबमध्ये त्याला सॅक्रिफाइस म्हणतात. शब्द मऊ आहे, काम नाही. हात थरथरत असतील तर तसं सांगा आणि त्या दिवशी सिनिअरला करू द्या. थरथरत्या हाताने प्राण्याला जास्त त्रास होतो. ज्यांना कधीच काही वाटत नाही त्यांच्यापेक्षा हे सांगणारी मुलं पुढे जास्त चांगली काम करताना मी पाहिली आहेत.

पायरी ४: परवानगीचे कागद कोणाकडे असतात

तुम्ही ज्या प्रयोगावर आलात त्याला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आहे का, ती कोणत्या क्रमांकाने, किती प्राण्यांसाठी आणि किती तारखेपर्यंत आहे, हे पहिल्या आठवड्यात विचारा. विचारणं उद्धटपणा नाही. अर्ज फॉर्म बी मध्ये भरलेला असतो, त्याची प्रत मागून घ्या आणि वाचा. समितीत शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिघराचे प्रमुख, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरची एक सामाजिक भान असलेली व्यक्ती आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधी असतात. साठ प्राणी मंजूर असतील तर एकसष्टावा प्राणी "असाच पडून होता" म्हणून वापरायचा नाही. पशुवैद्यांशी ओळख करून घ्या. प्राणी सुस्त दिसला, अंगावर जखम दिसली, तर पहिला फोन त्यांना, दुसरा सिनिअरला.

माणसांचे नमुने असतील तर समिती वेगळी, संमतिपत्र वेगळं, आणि भेटणारी माणसंही वेगळी. रुग्णालयातली समुपदेशक किंवा परिचारिका ही तुमच्या आणि त्या जोडप्याच्या मधली व्यक्ती असते. वीर्याचा नमुना मिळाल्यापासून तासाभरात बघावा लागतो. तो रिक्षातून आणणारा मुलगा सिग्नलला अडकला तर गतिशीलतेचे आकडे पडतात, आणि दोष मात्र शुक्राणूंच्या माथी येतो. नमुन्यावर नाव नसतं, कोड असतो. नाव शोधायला जाऊ नका. गर्भाच्या लिंगाविषयी तर कुणालाही, गमतीतसुद्धा, काही बोलू नका. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा गमतीला सूट देत नाही, आणि नातेवाईक नेमका तोच प्रश्न विचारतात: "तुमच्या लॅबमध्ये कळतं का हो?" उत्तर एकच, "आम्ही उंदरांवर काम करतो."

पायरी ५: वेळापत्रक उलटं मांडायला शिका

समजा तुम्हाला गुरुवारी सकाळी माऊसच्या अंडपेशी हव्यात. तर बुधवारी संध्याकाळी पाचला एचसीजीचं, म्हणजे अंडपेशी सोडायला लावणाऱ्या हॉर्मोनचं, इंजेक्शन. त्याच्या सुमारे ४८ तास आधी, म्हणजे सोमवारी संध्याकाळी पाचला, अंडपेशी वाढवणाऱ्या पीएमएसजी हॉर्मोनचं. दोन्ही बहुतेक ठिकाणी पाच-पाच युनिट. एचसीजीनंतर चौदा-पंधरा तासांनी, म्हणजे गुरुवारी सात-आठच्या सुमारास, अंडवाहिनीच्या फुगीर भागातून अंडपेशींचा पुंजका काढायचा. उशीर झाला की अंडपेशी म्हाताऱ्या होतात.

हे झालं शरीराचं वेळापत्रक. आता त्याच कागदावर माणसांचं मांडा. सोमवारी संध्याकाळी पाचला प्राणिघर उघडं असतं का? गुरुवारी मामांची सुट्टी तर नाही? गुरुवारी सकाळी इन्क्युबेटरवर दुसऱ्या कुणाच्या पेशी आहेत? कल्चरची माध्यमं आणि त्यावरचं तेल आदल्या दिवशी इन्क्युबेटरमध्ये ठेवून स्थिर करावी लागतात, ती बुधवारी कोण ठेवणार? गणपती, दिवाळी, विद्यापीठाची परीक्षा, निवडणुकीची ड्यूटी, सगळं बघा. हॉर्मोनला गौरीची सुट्टी नसते, वॉचमनला असते.

नराच्या बाजूचं गणित याहून लांब पल्ल्याचं. माऊसच्या वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ३५ दिवस लागतात, माणसात दोन महिन्यांहून जास्त. एखाद्या औषधाचा शुक्राणू तयार होण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर परिणाम बघायचा तर निदान तेवढे दिवस रोज डोस द्यावा लागणार, रविवारी सुद्धा. ते रविवार एकट्याने काढता येत नाहीत. लॅबमध्ये म्हणूनच रविवारांची उधार-उसनवारी चालते: तुझे दोन मी घेतले, माझे दोन तू घे. ही उधारी वेळेवर फेडा. पैशांची विसरली तरी चालेल इतकी ही महत्त्वाची आहे.

पायरी ६: सिनिअरकडून हात कसा घ्यायचा

स्मिअर वाचणं हे पहिलं कौशल्य. स्लाइडवर केंद्रक दिसणाऱ्या गोल पेशी म्हणजे माजाच्या आधीचा टप्पा. केंद्रक नसलेल्या, कुस्करलेल्या चुरमुऱ्यासारख्या कडक पेशी म्हणजे माज. सगळं मिसळलेलं असेल तर माजानंतरचा. आणि बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे शांत टप्पा. चार-पाच दिवसांत चक्र पूर्ण. पुस्तकातलं चित्र सोपं असतं, खरी स्लाइड नेहमी दोन टप्प्यांच्या मधली असते. म्हणून सलग दोन आठवडे रोज सिनिअरबरोबर तीच स्लाइड बघा, आपापलं उत्तर चिठ्ठीवर लिहा, मग जुळवा. दहापैकी नऊ जुळेपर्यंत एकट्याने नोंद करू नका.

सिनिअर चिडके असतात, विशेषतः पाचव्या वर्षाचे. ते तुमच्यावर चिडलेले नसतात, परीक्षकाचा अहवाल आलेला नसतो. त्यांना एकच प्रश्न दोनदा विचारा, तिसऱ्यांदा नको. त्याआधी लिहून घ्या. त्यांच्या बॉक्समधली अँटिबॉडी न विचारता वापरू नका. ते पंचवीस मायक्रोलिटर परत येत नाहीत, आणि तो विश्वासही.

वहीबद्दल थोडं. रोजची नोंद बाइंडिंग केलेल्या वहीत, शाईने, तारखेसह, चुकलेलंही न खोडता एका रेघेने कापून. हे सांगताना मला नेहमी कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आठवतात. ३ ऑक्टोबर १९७८ ला, म्हणजे जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ असलेल्या इंग्लंडमधल्या लुईस ब्राउनच्या जन्मानंतर सत्तर दिवसांनी, त्यांच्या प्रयत्नातून भारतात पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, आणि १९८१ मध्ये ते गेले. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला तेव्हा पहिलेपणाचा मान तिला मिळाला. तिच्या जन्मामागच्या शास्त्रज्ञांपैकी परळच्या संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रं, हाताने लिहिलेल्या नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की पहिले ते होते, आम्ही नाही. स्वतःचा मान स्वतः सोडणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहेच, पण मुद्दा वहीचा आहे. माणूस गेल्यावर सोळा वर्षांनी त्याच्या बाजूने बोलायला त्या नोंदी उरल्या होत्या.

पायरी ७: जीव सांभाळणाऱ्या चार गोष्टी

हे थोडक्यात, पण पहिल्याच दिवशी. वृषणाच्या ऊतींसाठी बुआँ द्रावण वापरतात, त्यात पिक्रिक आम्ल असतं. ते वाळलं की स्फोटक होतं. झाकणाच्या कडेला पिवळे खडे जमलेली जुनी बाटली दिसली तर उघडू नका, हलवू नका, लॅब असिस्टंटना बोलवा. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि त्याचा वायू झाला की सुमारे ७०० पट जागा व्यापतो. त्याचा कॅन घेऊन लिफ्टमध्ये बसू नका. कॅन लिफ्टने, माणूस जिन्याने. दर आठवड्याला तो कोण भरतं ते माहीत करून घ्या, कारण त्या कॅनमध्ये कुणाची तरी चार वर्षं गोठवलेली असतात. भ्रूण ठेवलेल्या खोलीत अत्तर, नेलपॉलिश, ताजा रंग काही नको. आणि अंडपेशी उचलायला तोंडाने ओढायची पिपेट काही जुन्या लॅबमध्ये अजून दिसेल. माणसांच्या नमुन्यांवर ती कधीही नाही, कोणीही सांगितलं तरी.

पायरी ८: हिशेब विभागाचा जिना

हॉर्मोनच्या दोन बाटल्या मागवायला तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, सरांची सही, विभागप्रमुखांची सही आणि मग पोर्टल. फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने आणि घाईत जाऊ नका; जावक क्रमांक बरोबर ठेवा. जानेवारीनंतर मागणी टाकली तर ३१ मार्चच्या गर्दीत ती अडकते. आमच्याकडच्या एका क्लार्क मॅडमना मी एकदा लॅबमध्ये बोलावून मायक्रोस्कोपखाली अंडपेशी दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्याशासाठी तुम्ही एवढं भांडता होय!" त्यानंतर माझी फाइल जलद सरकली असं मी म्हणणार नाही, पण ती कुठे अडकली आहे ते त्या स्वतः फोन करून सांगायला लागल्या.

पायरी ९: श्रेय आणि तक्रार

नाव कोणाचं कुठे येणार, हे काम सुरू होतानाच विचारा. संपताना विचारलं तर ते भांडण वाटतं. या विषयाचा इतिहास या बाबतीत फारसा अभिमानास्पद नाही. लुईस ब्राउनचा भ्रूण विभागताना पहिल्यांदा पाहणारी जीन पर्डी मूळची परिचारिका, लुईसच्या जन्मामागचे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या लॅबमध्ये १९६८ पासून तंत्रज्ञ म्हणून होती. या कामाची आठवण म्हणून लावलेल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयाच्या पाटीवर तिचं नाव घालावं असा एडवर्ड्सनी आग्रह धरला, तरी ते तेव्हा घातलं गेलं नाही. १९८५ मध्ये, चाळिशीही न गाठता ती गेली. नोबेल एडवर्ड्सना २०१० मध्ये मिळालं. त्याच्याही आधी, १९४४ मध्ये, अमेरिकेत बॉस्टनजवळ डॉ. जॉन रॉकच्या लॅबमधली मिरियम मेनकिन मानवी अंडपेशीचं शरीराबाहेर फलन पहिल्यांदा बघत बसली होती. घरी दात येणाऱ्या बाळामुळे रात्रभर जागी होती, म्हणून शुक्राणू नेहमीपेक्षा कमी वेळा धुतले गेले आणि ती काचेसमोर जास्त वेळ बसून राहिली. तिला निदान पेपरवर नाव मिळालं.

तुमच्या पेपरात मामांचं नाव आभारात घालायचं असेल तर पूर्ण नाव विचारून घ्या. "मामा" म्हणून छापता येत नाही, आणि पाच वर्षं ओळखूनही बहुतेकांना ते माहीत नसतं.

तक्रारीचं वेगळं. कामाचा ताण, रात्रीचे डोस, एकच अंधारी खोली, यात कधी कुणी मर्यादा ओलांडतं. प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची यादी सूचनाफलकावर असते, तिचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी सातनंतर प्राणिघरात जायचं असेल तर दोघांनी जा आणि वॉचमनकाकांच्या वहीत वेळ लिहा.

पायरी १०: जाताना

हे पहिल्या दिवशी वाचायला विचित्र वाटेल, पण जाण्याची तयारी तेव्हाच सुरू होते. उणे ८० च्या फ्रीजरमधला प्रत्येक बॉक्स नकाशासह ठेवा: कोणती ट्यूब, कोणता प्राणी, कोणती तारीख. मार्करची शाई पुसते, म्हणून लेबल पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या पेनने. नरांची वंशावळ, माद्यांचं रजिस्टर, कुलुपांच्या किल्ल्या आणि रविवारांची राहिलेली उधारी पुढच्याच्या हातात सही घेऊन द्या. आमच्या फ्रीजरमध्ये अजून एक बॉक्स आहे, त्यावर नुसतं "महत्त्वाचं, टाकू नये" असं लिहिलंय. कुणाचं, कधीचं, कशाचं, हे आता कोणालाच ठाऊक नाही. दरवर्षी बर्फ काढताना तो बाहेर निघतो, मामा तो पुसतात आणि पुन्हा आत ठेवतात.